इंग्रजी साहित्याचं दुसरं वर्ष संपत आलंय. पुढे नेमकं काय करता येतं?

शेवटचाबाक

नमस्कार मंडळी,

इंग्रजी साहित्यात पदवी करतोय, दुसरं वर्ष संपत आलंय. शाळा मराठी माध्यमाची. विषय हौसेने घेतलाय, दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून नव्हे. हे आधीच सांगतो, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा हळूच तेच विचारतो.

मार्क बरे पडतात. शोकांतिकेच्या नायकावर चार पानं लिहायला सांगा, लिहीन. पण परवा बाईंनी एका पाहुण्या वक्त्यांना दोन ओळींचा ईमेल करायला सांगितलं, तर 'डिअर'च्या पुढे गाडी सरकेना. बोलताना आधी मराठीत वाक्य जुळवतो, मग मनात इंग्रजी करतो, तोवर समोरच्याने विषय बदललेला असतो.

सल्ले भरपूर मिळतात. शिकवायला लाग, भाषांतर कर, कंटेंट लिही. आणि सल्ला देणारेच पुढे म्हणतात, आता ते सगळं मशीनच करतं म्हणे.

तर विचारायचं असं, की उरलेल्या वेळात अभ्यासक्रमाबाहेरचं काय करावं? इंग्रजीची एखादी आंतरराष्ट्रीय परीक्षा आत्ताच देऊन टाकावी का? आणि भाषांतर, संपादन या कामांत अजून काही राम उरलाय का? कृपया प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगा. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांवरचे इथले जुने धागे वाचलेत, त्याबद्दल विचारत नाहीये.

वर्गपाठ

परीक्षेचं आधी उरकतो. आयईएल्टीएससारख्या परीक्षेचा निकाल साधारण २ वर्षंच ग्राह्य धरतात. आत्ता दिलीस, तर पदवी हातात पडून अर्ज करायची वेळ येईपर्यंत त्यातला बराचसा काळ सरलेला असेल. जिथे अर्ज करायचाय त्यांनी कोणती परीक्षा आणि किती बँड मागितलेत ते बघ, मग त्याआधीच्या काही महिन्यांत दे. कोणी मागितलेलीच नसेल तर पैसे वाचव.

फक्त आपली पातळी जाणून घ्यायची असेल, तर युरोप परिषदेने २००१ साली आणलेली ए१ ते सी२ अशी ६ पायऱ्यांची चौकट आहे. 'मी अमुक करू शकतो' अशा वाक्यांच्या याद्या तिच्यात आहेत, फुकट वाचायला मिळतात. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं यांना त्या वेगवेगळ्या लावून बघ. साहित्याच्या मुलांचं वाचन सी१ला आणि बोलणं बी१वर अडकलेलं, हे मी वर्गात नेहमी बघतो. म्हणजे तुझं दुखणं जगावेगळं नाही, आणि त्यावरचा उपाय आणखी वाचन हाही नाही. बोलायला माणूस लागतो. आठवड्यातून दोनदा एखाद्या वर्गमित्राशी ठरवून, वेळ लावून, एकाच विषयावर बोला. चूक दुरुस्त करायची नाही, फक्त थांबायचं नाही.

आता शिकवण्याबद्दल. मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो. साहित्याची पदवी म्हणजे भाषा शिकवता येते, हा गैरसमज फार पक्का आहे. केंब्रिजचा सेल्टा नावाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, किमान १२० तासांचा. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे ६ तास शिकवावं लागतं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांत, आणि मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो. शिवाय ४ लेखी असाइनमेंट्स. कवितेचं रसग्रहण करणारी हुशार मुलं तिथे पहिल्या आठवड्यात गांगरतात, कारण तास संपेपर्यंत सगळं बोलणं त्यांचंच झालेलं असतं.

एक नमुना देतो. 'आय हॅव लॉस्ट माय की' हे वाक्य शिकवलं. आता 'समजलं का?' असं विचारायचं नाही. सगळे माना डोलावतात. विचारायचं, 'किल्ली आत्ता त्याच्याकडे आहे का?' नाही. 'कधी हरवली ते या वाक्यात सांगितलंय का?' नाही. 'मग आपल्याला काय कळलं?' तो दाराबाहेर उभा आहे. इतके छोटे, हो-नाहीत किंवा एका वाक्यात उत्तर देता येणारे प्रश्न आधी घरी बसून लिहून काढावे लागतात. हे करून बघताना मजा आली तर शिकवणं तुझं क्षेत्र. कंटाळा आला तर आत्ताच कळलेलं बरं.

लालशाई

वर्गपाठ यांनी शिकवण्याचं सांगितलंय, त्या वाटेला मी कधी गेले नाही. मी पुस्तकांचं कॉपीएडिटिंग करते, म्हणजे छापण्याआधी भाषा आणि सुसंगती तपासते. मधली काही वर्षं सॉफ्टवेअरवाल्यांकडे टेक्निकल रायटर होते. भाषांतर अधूनमधून. पदवी तुझीच, शाळाही तुझ्याच माध्यमाची. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

'मला इंग्रजी उत्तम येतं' हे वाक्य अर्जातून काढून टाक. ते सगळेच लिहितात, आणि वाचणारा त्यावरून नजर पुढे सरकवतो. पुढ्यात मजकूर ठेवला तर तू त्याचं काय करू शकतोस, हे सांगता आलं पाहिजे. दुरुस्त करतोस, लहान करतोस, दुसऱ्या भाषेत नेतोस, अनोळखी माणसाला वापरता येईल असा करतोस? यातलं काहीतरी एक. पैसे त्याचे मिळतात.

माझ्या कामाचं सांगते. हस्तलिखित आलं की शेजारी एक कोरी फाईल उघडायची. ती स्टाइल शीट. वरच्या भागात ठरवून टाकायच्या गोष्टी: स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन. ब्रिटिश असेल तर ऑर्गनाइझमध्ये एस की झेड (ऑक्सफर्डवाले झेड लावतात आणि तरीही ते ब्रिटिशच असतं, हे लेखकाच्या गळी उतरवताना घाम फुटतो). यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही. आकडे कुठवर अक्षरी लिहायचे. शिकागो मॅन्युअल या संपादनाच्या नियमपुस्तकाप्रमाणे शंभरपर्यंत अक्षरी, बऱ्याच वृत्तपत्रांत नऊपर्यंतच. यात बरोबर-चूक असं काही नसतं, एकदा ठरवायचं आणि शेवटच्या पानापर्यंत पाळायचं. खालच्या भागात वर्णानुक्रमे शब्द, नावं, पान क्रमांकासकट. कादंबरी असेल तर पात्रांचा एक तक्ता आणि दिवस-वारांचा दुसरा.

एका कादंबरीत नायिकेची बहीण चौथ्या प्रकरणात थोरली होती आणि अकराव्यात धाकटी झाली. लेखकाने, त्याच्या बायकोने, दोन मित्रांनी वाचलेलं हस्तलिखित होतं. ते सगळे गोष्टीत रमले होते, मी तक्ता भरत होते. एवढाच फरक, बाकी माझी नजर काही गरुडाची नाही.

मग लेखकाला शंका पाठवायची. ती अशी: 'पान ८८ वर बहीण थोरली, पान २१४ वर धाकटी. मी तूर्त दोन्हीकडे थोरली केली आहे. धाकटी हवी असल्यास कळवा.' कुठे, काय, मी काय केलं, तुम्ही काय करायचं. झालं. तुझा अडकलेला ईमेल याच घरातला आहे. वक्त्यांना पहिल्या वाक्यात सांग तू कोण आणि कशासाठी लिहितोयस, दुसऱ्यात तारीख, वेळ आणि त्यांनी काय कळवायचंय. शोकांतिकेची चार पानं लिहिताना वाचणारा कोण हे ठरलेलं असतं, त्याला उत्तर आधीच माहीत असतं आणि तो मार्क द्यायला बसलेला असतो. बाहेर तसं कोणी बसलेलं नसतं. तुझं अडतंय ते इथे, व्याकरणात नाही.

टेक्निकल रायटिंगबद्दल साहित्याच्या मुलांच्या मनात उगाच अढी असते. यंत्राची माहितीपत्रकं लिहायची, छे. मला ते काम आवडायचं. वाचणारा माणूस अडकलेला असतो, वैतागलेला असतो आणि त्याला तुमच्या शैलीशी काही देणंघेणं नसतं. समजा सूचना अशी आहे: 'डिलीट दाबा. त्याआधी बॅकअप घेतल्याची खात्री करा.' पहिलं वाक्य वाचून लोकांनी डिलीट दाबलेलं असतं! अट आधी, कृती नंतर. अशा बारीक गोष्टींनी ते काम भरलेलं आहे आणि ज्याने वाक्यरचनेचा पेपर मन लावून केलाय त्याला त्या चटकन दिसतात. गूगलने आपल्या इंजिनिअरांसाठी केलेले टेक्निकल रायटिंगचे दोन अभ्यासक्रम सगळ्यांना मोफत खुले आहेत, इंजिनिअर नसलास तरी कर. राइट द डॉक्स नावाचा या धंद्यातल्या लोकांचा मोठा समूह आहे, त्यांची मार्गदर्शिका वाच. मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरातच मांडणीच्या खुणा करायची पद्धत, एका संध्याकाळी येतं. फाईलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटला जरा जास्त वेळ लागतो, पण तेवढं आलं की एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या मदतपानांत सुधारणा सुचवता येते, आणि ती स्वीकारली गेली तर तुझ्या नावासह तिथे कायमची दिसते. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही, ही रडकथा तिथे चालत नाही.

आता भाषांतर. आयएसओ १७१०० हे भाषांतर सेवांचं २०१५चं आंतरराष्ट्रीय मानक आहे. भाषांतरकार कोणाला म्हणायचं, ते त्यात तीन प्रकारे सांगितलंय: भाषांतराची पदवी, किंवा दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी आणि २ वर्षं पूर्णवेळ भाषांतराचा अनुभव, किंवा नुसता ५ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. तुझी पदवी दुसऱ्या दारातून आत जाते. त्याच मानकात आणखी एक अट आहे, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: भाषांतर करणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने ते मुळाशी ताडून तपासलंच पाहिजे. म्हणजे तपासणारा हे स्वतंत्र काम आहे.

आणि एक गोष्ट इंग्रजीच्या मुलांना कोणी सांगत नाही. व्यावसायिक भाषांतरकार साधारणपणे आपल्या मातृभाषेत भाषांतर करतो. उलट्या दिशेने करणारे असतात, पण दंडक हाच. तेव्हा इंग्रजीची पदवी घेऊन भाषांतरात उतरलास तर ग्राहक तपासणार तुझं मराठी! इंग्रजी समजतं हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. वर्गातल्या किती जणांनी दहावीनंतर मराठीत सलग एक पान लिहिलंय? तू इथे नीट मराठी लिहितोस, वाक्य कुठे थांबवायचं ते तुला कळतं. ते सोडू नकोस.

मशीनचं. गोड बोलून उपयोग नाही. उत्पादनांची वर्णनं, कोणी न वाचणारे ब्लॉग, कंपन्यांची अंतर्गत परिपत्रकं, हे नवख्याला पहिल्यांदा मिळणारं काम होतं आणि त्यातलं बरंचसं गेलं. ते परत येईल असं मला वाटत नाही. मशीनने केलेलं माणसाने सुधारण्यालाही आता मानक आहे, आयएसओ १८५८७, २०१७ सालचं. त्याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. असं काम मी केलंय. दमवतं, कारण चुका पूर्वीसारख्या ढोबळ नसतात. वाक्य सुटं वाचलं तर गुळगुळीत. पण एकाच नवरा-बायकोच्या भांडणात ती पहिल्या पानावर त्याला 'तू' म्हणते आणि तिसऱ्यावर 'आपण'. करारातली एकच संज्ञा तीन कलमांत तीन तऱ्हांनी येते. नकार गळून पडतो आणि वाक्य तरीही छान वाचलं जातं, हा सगळ्यात वाईट प्रकार. हे पकडायला मूळ मजकूर बाजूला ठेवून ओळीओळीने वाचावं लागतं, आणि कायदा, औषधं, यंत्रं यांपैकी एखाद्या विषयाची खरी माहिती लागते. म्हणून म्हणते, इंग्रजीच्या जोडीला दुसरा एखादा विषय धर. कुठला ते मी नाही सांगणार. ज्यावर तू आपणहून वाचतोस तो.

साधनांबद्दल थोडक्यात. वर्डमधले ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दिसत ठेवणारी सोय) आणि शोधा-बदला नीट शीक. ओमेगाटी हे भाषांतराच्या स्मृतीचं, म्हणजे आधी भाषांतरित केलेली वाक्यं साठवून पुन्हा पुढे आणणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर हात बसला की महागडी साधनं दोन दिवसांत येतात. आणि 'हे इंग्रजी बरोबर आहे का?' असं माणसांना विचारत बसण्याऐवजी कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचा शोधता येणारा साठा, वापरायला लाग. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्दांचा मजकूर आहे, त्यातला साधारण दशांश बोललेल्या भाषेचा. पावसाला हेवी म्हणतात की स्ट्राँग, ते तिथे मोजून दिसतं. भाषाविज्ञानाचा पेपर ऐच्छिक असेल तर घे. अवघड म्हणून मुलं टाळतात आणि मग आयुष्यभर 'कानाला बरं वाटतंय' यावर निभावतात.

सबटायटलवाली

लालशाई, गळून पडलेल्या नकाराला हजार मोदक. आमच्याकडे तर तो दोन सेकंदांत पडद्यावरून नाहीसाही होतो.

शेवटचाबाक, सबटायटल हा प्रकार करून बघच, कारण सुरुवातीला कोणाची परवानगी लागत नाही. टेड ट्रान्सलेटर्समध्ये स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं. तू केलेलं दुसरा तपासतो, मग तिसरा मंजूर करतो. पैसे मिळत नाहीत, पण अनुभवी माणूस तुझ्या ओळी तपासतो आणि का बदलल्या ते सांगतो. विकतचे कोर्स याहून वेगळं काय देतात ते मला अजून कळलेलं नाही.

नियम साधे, पाळायला कठीण. एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरचिन्हं, एका वेळी दोनच ओळी, आणि वाचण्याचा वेग सेकंदाला २१ चिन्हांच्या आत. म्हणजे माणूस दोन सेकंद बोलला तर तुला ४२ चिन्हं, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून. कामाच्या ठिकाणी नियमावली वेगळी असते, काही जण याहून कडक, पण हिशोब असाच.

समजा पडद्यावरची आई म्हणतेय, 'तुला मी कितीदा सांगितलंय की रात्री उशिरा असं एकट्याने घराबाहेर जायचं नाही म्हणून!' हे ती दोन सेकंदांत फाडफाड बोलते. 'कितीदा सांगितलं, रात्री बाहेर जायचं नाही!' एवढंच बसतं. एकट्याने, उशिरा, घर, सगळं गेलं. चिडणं राहिलं पाहिजे, ते 'कितीदा'त आहे. काय टाकलं तरी चालतं हे ठरवणं म्हणजेच हे काम. ज्याला प्रत्येक शब्द जपायचाय त्याने इकडे येऊ नये, त्रास होतो.

हिशोब बहुतेक ठिकाणी व्हिडिओच्या मिनिटावर असतो, शब्दावर नाही. तेव्हा कोणी काम दिलं तर आधी विचार, मुळात टाइमकोड लावलेली फाईल मिळणार का, की वेळाही आपणच लावायच्या. दोन्हींत मेहनतीचा प्रचंड फरक आहे आणि नवख्याला ते कोणी आपणहून सांगत नाही.

जुनावाचक

सगळ्यांनी मिळून पोराला कामाला जुंपलंत. त्याचं पदवीचं एक अख्खं वर्ष बाकी आहे, आणि तुम्ही त्याला आत्तापासून फाईलींच्या नियमावल्या पाठ करायला लावताय.

अरे बाबा, असा वेळ पुन्हा मिळत नाही. मी नोकरीत असताना वर्षाला दोन जाड कादंबऱ्या झाल्या तरी स्वतःची पाठ थोपटायचो. आत्ता वाच. आणि वाचायचं म्हणजे गाइड नव्हे. तू शोकांतिकेवर चार पानं लिहितोस म्हणालास, त्यातली तुझी स्वतःची किती आणि नोट्सची किती, हे तुझं तुलाच माहीत.

केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाचे समीक्षक १९२०च्या दशकात एक प्रयोग करायचे. विद्यार्थ्यांना कविता द्यायच्या, कवीचं नाव, काळ, काही न सांगता. आठवडाभर वाचा आणि काय वाटलं ते लिहून आणा. उत्तरं वाचून त्यांना धक्का बसला. चांगल्या शिकल्यासवरल्या मुलांना ओळींचा साधा अर्थ लागला नव्हता, आणि नामवंतांच्या कविता त्यांनी बिनदिक्कत कचऱ्यात काढल्या होत्या. १९२९ साली त्यांनी हे सगळं ग्रंथरूपाने मांडलं. तू हे घरी कर. मित्राला सांग, नाव झाकून एक कविता दे. आधी तिचा सरळ अर्थ दोन वाक्यांत लिही. ते जमल्याशिवाय प्रतिमा, प्रतीकं, वसाहतवाद यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. टीकाग्रंथ त्यानंतर.

लालशाईबाईंना ती बहीण तक्त्यामुळे सापडली असं त्या म्हणतात. मला नाही पटत. तक्ता कोणीही भरेल, पण तो भरताना डोळे उघडे ठेवायची सवय कुठून आली? त्यांनी वीस-बाविसाव्या वर्षी काय वाचलं ते विचारा त्यांना.

लालशाई

जुनावाचक, अर्धं मान्य. वाचलं भरपूर, तेही नाव झाकून नव्हे तर कव्हर फाटलेलं असायचं म्हणून. पण माझ्याहून दुप्पट वाचलेले सहकारी मी बघितलेत ज्यांना प्रूफ देववत नाही, कारण दुसऱ्या परिच्छेदाला ते गोष्टीत बुडालेले असतात. दोन्ही वाचनं वेगळी आहेत. त्याने दोन्ही करावीत, भांडण कसलं.

शेवटचाबाक

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनावाचक काका, चार पानांपैकी दोन नोट्सची होती. ईमेल मात्र आज गेला, लालशाई ताईंच्या साच्यात. वक्त्यांचा होकारही आला.

अजून तीन शंका आहेत. संपादनाचा नमुना दाखवायचा म्हणजे मजकूर आणायचा कुठून? मला कोण हस्तलिखित देणार? दुसरं, सराव करताना एआयची मदत घेतली तर ती फसवणूक होते का? आणि शिकवणं, संपादन, सबटायटल यांतलं आपलं कोणतं, हे ओळखायचं कसं? वाचताना मला तिन्ही आवडली.

वर्गपाठ

तिसऱ्याचं मी सांगतो. वाचून आवडण्याला अर्थ नाही. सुट्टीत तिन्हींचा एकेक छोटा तुकडा कर: शेजारच्या कोणाला चार तास इंग्रजी शिकव, दहा पानं संपादित कर, पाच मिनिटांचं एक भाषण सबटायटल कर. ज्यात कंटाळवाणा भागही सहन झाला ते धर. मजेचा भाग सगळ्यांनाच आवडतो.

लालशाई

ईमेलबद्दल अभिनंदन.

मजकूर तुझ्या महाविद्यालयात पडलाय. रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, कुठल्याही विभागात जा. शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे अहवाल इंग्रजीत लिहितात आणि भाषेला घाबरलेली असतात. एखाद्याला म्हण, मी तुझी दहा पानं तपासून देतो, नमुना म्हणून इतरांना दाखवायची परवानगी दे. नाव काढून टाकायचं. फक्त भाषा बघायची, निष्कर्षाला हात लावायचा नाही, आणि त्याच्या मार्गदर्शकांना आधी विचारून घ्यायला सांगायचं, नाहीतर तो बिचारा अडचणीत यायचा. संदर्भसूची मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. तू संदर्भ लिहायची एमएलए पद्धत शिकला असशील, नववी आवृत्ती, २०२१ची. त्यांच्याकडे दुसरी पद्धत असेल. ती शोधून लावणं हाच खरा सराव, कारण कामात दर महिन्याला नवी पद्धत पुढ्यात येते.

एआयचं असं. स्वतःच्या लिखाणावर खुशाल वापर, पण आधी तू दुरुस्त कर, मग त्याला विचार आणि फरक बघ. उलट क्रमाने केलंस तर तुझी नजर तयार होणार नाही, त्याचीच री ओढशील. दुसऱ्याचा मजकूर मात्र त्याला न विचारता कुठल्याही फुकट साधनात चिकटवायचा नाही, मग ते भाषांतराचं असो की व्याकरण तपासण्याचं. अप्रकाशित हस्तलिखित हे लेखकाचं असतं. करारात गोपनीयतेचं कलम असतं, आणि आता बऱ्याच करारांत एआयबद्दल वेगळी ओळही येते. सही करण्याआधी वाच.

नमुना पाठवताना पीडीएफ करू नकोस. वर्डची फाईल, ट्रॅक चेंजेस चालू ठेवलेली, म्हणजे तू काय बदललंस आणि काय मुद्दाम तसंच ठेवलंस ते दिसेल. सोबत स्टाइल शीट, एक पानाची पुरे. शंका समासात, वर सांगितलेल्या साच्यात. दहा पानांत पाच-सहा शंका ठीक, चाळीस झाल्या तर निम्म्यांची उत्तरं तुला स्वतःला शोधता आली असती असं समजायचं. आणि फाईलच्या नावात 'फायनल' लिहू नकोस, तारीख लिही.